बॅगवाल्याच्या घरची बॅग

दुकानातून मास्तरांची तपकिरी बॅग गेली, आणि तिच्याबरोबर बॅगवाल्याची बायकोही गेली. बायको निदान बहिणीकडे जाते म्हणून सांगून गेली होती. बॅग काहीच न सांगता गेली होती.

"नवी चेन बसवून परवाच तयार ठेवली होती," फळीवरच्या बॅगा पुन्हा उलथत बॅगवाला म्हणाला.

"मालक, संध्याकाळची गाडी आहे माझी," मास्तर म्हणाले. "कपडे काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

दुकानाच्या मागेच घर होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा शिवल्या, पण घरात स्वतःची अशी एकही नव्हती. कुणाला कुठं जायचं झालं की फळीवरची एखादी उचलायची आणि गिऱ्हाईक यायच्या आत पुसून परत ठेवायची, ही त्या घरची जुनी रीत. त्यामुळे बॅग कुणी नेली ते बॅगवाल्याला लगेच कळलं. ते मास्तरांना सांगायचं कसं, हे कळेना.

"मेहुणीकडं गेलीय," तो शेवटी म्हणाला.

"बॅग?"

"बायको. बॅग तिच्या हातात आहे."

"चला मग, मीही येतो. बॅग नजरेआड झाली तेवढी पुरे, आता तुम्हाला सोडत नाही."

मेहुणीनं दार उघडलं आणि मास्तरांकडे बघत म्हणाली, "ताई? नाही बाई, इथं नाही आली. भावोजी, भांडलात की काय?"

"भांडायला आधी बोलावं लागतं," बॅगवाला म्हणाला.

मास्तर हसले. बॅगवाला हसला नाही.

दुकानात त्याच्या विनोदांना गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. लग्न झालं तेव्हा सगळ्यांत जास्त बायको हसायची. पण मुलगी झाल्यावर काय बिनसलं कुणास ठाऊक. यानं गमतीचं काही काढलं रे काढलं की ती उठायची, बाथरूममध्ये जायची आणि नळ मोठा सोडायची. आपला हिला वीट आला, असं त्यानं मनाशी धरलं. आधी घरातले विनोद बंद केले, मग हळूहळू बोलणंही. आता ती निघूनच गेली होती, आणि तेही परक्याची बॅग घेऊन.

तिथून दोघं मुलीच्या घरी गेले. मुलगी आधी "मला काय माहीत" म्हणाली. मग तिनं विचारलं, "हे कोण?"

"आईनं नेलेली बॅग यांची आहे."

मुलीनं कपाळाला हात लावला. "आईला हजारदा सांगितलं, पिशवी घे म्हणून. बाबा, आई दवाखान्यात आहे. काल ऑपरेशन झालं. बरी आहे ती. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

दवाखान्याच्या वाटेवर मास्तरांनी गाडीचं नाव काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "हसल्या, खोकल्या, काही उचललं की लघवी सुटायची त्यांना. बाळंतपणानंतर अनेक बायकांना होतं. व्यायाम करून बघितले, पण भागलं नाही. म्हणून लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवली. झोळीसारखी. ती नळीला आधार देते."

"पट्टीला टाके किती घातले?"

"पट्टीला टाका नसतो. आजूबाजूचं मांसच तिला धरून ठेवतं."

"बिनटाक्याचा पट्टा निसटतो हो, बाई. धंदा आहे आमचा."

"हा सहसा नाही निसटत. मघाशी खोकायला लावलं त्यांना, कोरड्या राहिल्या. आता काही आठवडे जड मात्र उचलायचं नाही."

बायको खाटेवर टेकून बसली होती. खाटेखाली तपकिरी बॅग होती. मास्तर पडद्याबाहेरच थांबले.

"इतकी वर्षं," बॅगवाला म्हणाला. "सांगायचं होतंस की."

"तुम्ही त्याचाही विनोद केला असता."

ते खरंच होतं. त्यानं केला असता, आणि तोही दुकानात.

"आता हसता येतं म्हणे," ती म्हणाली. "सांगा काहीतरी."

त्यानं तोंड उघडलं. गिऱ्हाइकांसाठी जे विनोद जिभेवर असायचे, त्यातला एकही येईना.

"आठवत नाही गं."

"मग मी सांगते. एक माणूस कुलूपबंद बॅग घेऊन आला. म्हणाला, किल्ली सापडत नाही. तुम्ही घाम गाळून कुलूप तोडलंत. आत काय, तर किल्ली. तो म्हणाला, हरवू नये म्हणून आत ठेवली होती."

"हा तुला कधी सांगितला मी?"

"मला नाही, दुकानात सांगत होतात. भिंत पातळ आहे आपली. सगळे ऐकलेत. नळ सोडायचा, आणि हसून घ्यायचं."

पडद्यापलीकडे मास्तर खो खो हसले. ती दचकली, आणि मग तिलाही हसू फुटलं. सवयीनं तिनं आधी पाय आवळून धरले. थोडं थांबून अंदाज घेतला. मग पाय सैल सोडले आणि हसतच राहिली.

बॅगवाला तोंड फिरवून डोळे पुसत उठला.

"अहो, कुठं निघालात?"

तो बाथरूममध्ये गेला, दार लावलं आणि नळ मोठा सोडला.