नांदेड येईपर्यंतचं जेवण

तात्या वकील जेवताना हलायचे. पाटावर मांडी घालून बसले, की पहिल्या घासापासून शेवटच्या ताकापर्यंत त्यांचं धड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बेतानं झुलत राहायचं. नवख्या पाहुण्याला वाटायचं, यजमानांच्या अंगात येतंय. शेजारचा माणूस आपलं पान हळूच लांब सरकवून घ्यायचा. कुणी विचारलंच तर तात्या शांतपणे सांगायचे, "हालल्याशिवाय अन्न बराबर खाली उतरत न्हाई. पोतं भरताना आपण हलवतो का न्हाई? मंग?"

हे पोत्याचं शास्त्र ते रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये शिकले होते.

गोष्ट निजामाच्या राज्यातली आहे. रझाकार हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलाही नव्हता. तात्या जालन्याच्या मुन्सफ कोर्टात वकिली करायचे आणि मी त्यांचा ज्युनियर. शिवाय त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे कोर्टात जे ऐकायचं राहायचं ते घरी ऐकू यायचं. अपिलं हैदराबादच्या हायकोर्टात चालायची आणि तिकडे जायला मनमाडहून येणारी छोट्या रुळांची गाडी होती. त्या गाडीला एक डायनिंग कार जोडलेली असायची. आत पांढऱ्या कापडानं झाकलेली टेबलं, चिनी मातीच्या बशा आणि कमरेला लाल पट्टा बांधलेला करीमभाई नावाचा बुजुर्ग खानसामा. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला आतून वाट नव्हती. परभणीला उतरायचं, फलाटावरून चालत जाऊन डायनिंग कारमध्ये चढायचं, जेवायचं आणि नांदेडला उतरून परत आपल्या डब्यात जाऊन बसायचं. मध्ये पूर्णा लागायचं, पण तोवर जेवण अर्ध्यावरच आलेलं असायचं.

आमच्याकडचे बाकीचे वकील घरून डबा न्यायचे. जे फार कडक होते ते हैदराबादपर्यंत निरंकार राहायचे आणि आंबट तोंडानं हायकोर्टापुढे उभे राहायचे. ते खटले का हरायचे याचं कारण तात्यांच्या मते कायद्यात नव्हतं, पोटात होतं. तात्या स्वतः कपाळाला गंध, डोक्याला पगडी अशा थाटात डायनिंग कारमध्ये शिरायचे. जोडे टेबलाखाली काढायचे, खुर्चीवर मांडी घालायचे, चिनी बशीभोवती पाणी फिरवायचे, टेबलक्लॉथवर पावाच्या तुकड्यांच्या चित्राहुती घालायचे आणि मग कटलेटला हात लावायचे. कटलेट बटाट्याचं असतं, असं ते सांगत. जालन्यातल्या निम्म्या लोकांचा त्यावर विश्वास होता. उरलेल्यांपैकी काही जणांनी करीमभाईला एकदा फलाटावर गाठून खोदून विचारलं. त्यानं आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाला, "उसकू मालूम, वकीलसाब कू मालूम."

हैदराबादेहून परत आले की तात्या अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायचे. "आंघोळ झाली, मुकदमा खारिज," एवढं बोलून घरात यायचे.

पण खारिज झालेला मुकदमा घरात पुन्हा उभा राहायचा, कारण डायनिंग कारचे सगळे कायदे तात्यांनी स्वयंपाकघराला लागू करायचं ठरवलं होतं. "गाडीत असं न्हाई," हे त्यांचं पालुपद. पेला अर्धाच भरायचा, कारण गाडीत भरलेला पेला सांडतो. आधी नुसती आमटी वाढायची. ती संपली की वाटी उचलायची, मग भाजी. ती संपली की मग भात. घरावर राज्य होतं तात्यांच्या विधवा आत्याबाईंचं. त्यांनी हा कारभार दोन दिवस बघितला आणि तिसऱ्या दिवशी आमटी, भाजी, भात, ताक असं सगळं एकदम पानात वाढून दिलं. म्हणाल्या, "कोर्टात तारखा पडतात तेवढ्या बास झाल्या. जेवणात न्हाई पडायच्या."

तात्यांनी अपील केलं नाही. जिथं निकाल आधीच ठरलेला असतो तिथं ते कधीच अपील करत नसत.

त्यांचं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललेलं होतं. त्यांना काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, एकदा त्या डायनिंग कारमध्ये जेवायला न्यायचं होतं. काकूंचे भाऊ हैदराबादेत राहायचे, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी त्यांचं जाणं व्हायचं. दर वेळी परभणी आली की तात्या बायकांच्या डब्याच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चल, आज तिकडं बसू." दर वेळी काकू म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन." मग तात्या एकटेच जायचे आणि काकू एक केळं खाऊन निजामाबादपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायच्या.

या हट्टाचा अर्थ लावायला आमच्या गल्लीला फार वेळ लागला नाही. एकदा काकू बाटल्या की घरात कटलेट सुरू करायला तात्या मोकळे, असा सगळ्यांचा तर्क होता. आत्याबाईंचा तर तो तर्क नव्हता, खात्री होती. त्या काकूंना बजावून ठेवायच्या, "त्या डब्यात पाऊल ठेवलंस तर माझ्या चुलीला हात लावायचा न्हाई."

त्या वर्षी काकूंच्या भाच्याची मुंज हैदराबादेत ठरली. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्या येणार नव्हत्या. मला एका अपिलाची कागदपत्रं घेऊन जायचंच होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यांनी मला साक्षीला म्हणून ओसरीवर बसवलं आणि काकूंसमोर बाजू मांडायला सुरुवात केली. मी त्यांना मुन्सफापुढे इतकं जीव तोडून बोलताना कधी बघितलं नव्हतं.

"खुर्ची म्हणजे काय?" तात्यांनी विचारलं.

काकू गहू निवडत होत्या. "तुम्हीच सांगा."

"पाय फुटलेला पाट. अन् टेबल म्हणजे उंच चौरंग. पाटावर बसून चौरंगावर जेवलं तर धर्म कुठं बुडतो?"

"अन् तुमचा तो करीमभाई?"

"तो लांब उभा राह्यल. कोर्टात माझ्याजवळ शंभर जातीचे लोक उभे राहतात, मी विटाळतो का?"

"विटाळता की. म्हणून तर रोज बंब पेटवते मी."

मी हसू दाबायला खोकलो. तात्यांनी माझ्याकडे विरोधी पक्षाच्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं.

"आपल्या घरच्या दशम्या ने," ते म्हणाले. "दुधातल्या दशम्या प्रवासात चालतात, हे आत्याबाईसुद्धा मानतात. त्यांचं काहीच खाऊ नको. नुसतं तिथं बसून जेव."

"अन् तुम्ही समोर कटलेट खाणार?"

तात्या थांबले. पगडी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "न्हाई खाणार," ते म्हणाले.

"उद्या न्हाई खाणार, का कायमचं न्हाई खाणार?"

"कायमचं."

काकूंचा हात सुपात तसाच राहिला. मीही चकित झालो. ज्या कटलेटपायी या माणसानं गावाची बोलणी खाल्ली, आत्याबाईंचा राग ओढवून घेतला, ते कटलेट त्यानं एका शब्दात सोडून दिलं होतं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. पण टेबल मी माझ्या हातानं पुसणार."

दुसऱ्या दिवशी परभणीला आम्ही तिघं फलाटावरून चालत निघालो. काकूंनी सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसलं होतं. एका हातात दशम्यांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि चेहरा असा, की आत डायनिंग कार नसून दवाखाना असावा. तात्या पुढे लोकांना बाजूला सारत चालले होते. त्यांनी जालन्याला गाडीत चढतानाच करीमभाईला सगळं सांगून ठेवलं असावं, कारण एका टेबलावरचं कापड काढून टाकलं होतं आणि लाकूड अजून ओलं होतं.

"माँसाब, पानी से धोया दो बार," करीमभाई दारातूनच म्हणाला. "मै उधर ठैरतूं. आप आराम से खाओ." आणि तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

काकूंनी तरीही तांब्यातलं पाणी शिंपडून टेबल पुसलं. मी पलीकडच्या टेबलाशी बसलो. गाडी सुटली. काकूंनी डब्यातून एक पत्रावळ काढली, ती तात्यांसमोर मांडली, दोन दशम्या वाढल्या, दही वाढलं, ठेचा वाढला. आणि मग खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहायच्या तशाच.

"तुझं पान?" तात्या म्हणाले.

"तुमचं होऊ द्या. मंग मी बसते."

"मंग कधी? नांदेड आलं की खाली उतरायचं असतंय. इथं दुसरी पंगत न्हाई."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "खरं का रे माधव?"

"खरं आहे काकू," मी म्हणालो. "नांदेडला हे टेबल दुसऱ्यांना देतात."

काकू गोंधळल्या. नवरा जेवत असताना आपण बसायचं, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. विटाळाचा, करीमभाईचा, खुर्चीचा त्यांनी रात्रभर विचार केला असेल, पण पंगत एकच असते ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. तेवढ्यात गाडीनं वळणावर हिसका दिला आणि त्या मटकन खुर्चीवर बसल्या. आता बसलेच आहे तर जेवून घ्यावं, असं मनाशी ठरवून त्यांनी दुसरी पत्रावळ काढली.

पदर पुढे ओढून, तोंड खिडकीकडे करून त्या जेवू लागल्या. पहिले काही घास घाईघाईचे होते, मागून कुणी तरी हाक मारणार आहे असे. हाक आली नाही. मग त्या हळूहळू जेवू लागल्या. दशमीच्या प्रत्येक तुकड्याला त्या भरपूर ठेचा लावत होत्या. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबत नव्हत्या.

तात्यांनी अजून पानाला हात लावला नव्हता. करीमभाई सवयीनं झाकलेली बशी घेऊन चार पावलं पुढे आला, तर तात्यांनी त्याच्याकडे न बघताच हात हलवला. "आज नक्को," ते म्हणाले, आणि पुन्हा काकूंकडे बघू लागले.

"तुला ठेचा इतका आवडतो?"

"आवडतो की."

"घरी तर तू कधी..."

"घरी उरत न्हाई ना," काकू सहज म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. गव्हाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की नवरा नुसताच बघत बसलाय. त्या लाजल्या. या वयात काकू लाजलेल्या मी त्या दिवशी बघितल्या. "असं काय बघून राह्यले? जेवा की. मी तर रोज बघते तुम्हाला जेवताना."

"तू बघती," तात्या म्हणाले. "मी कुठं बघितलंय? लग्नात एक घास भरवला तुला, त्याच्यानंतर कधी न्हाई. आई होती तवा आतलं दार लोटलेलं. आत्याबाई आल्या तरी लोटलेलंच. मी इकडं हात धुऊन पान खायचो अन् मनात यायचं, आत काय चाललंय? काही राह्यलं असंल का न्हाई? तू पोटभर खाती, का पाणी पिऊन उठती? कुणाला विचारणार? बायको जेवली का, हे विचारायची बी चोरी आपल्याकडं. ह्या एका डब्यात मी लोकांना समोरासमोर बसून जेवताना बघितलं. तवापासून तुला आणायचं होतं."

काकूंचा घास हातातच राहिला. तात्यांनी आपल्या पानातला सगळा ठेचा उचलला आणि त्यांच्या पानात ठेवला.  काकूंनी तोंड खिडकीकडून वळवलं, नवऱ्याच्या समोर केलं आणि पदर थोडा मागे घेऊन त्या पुन्हा जेवू लागल्या.

तिथून उठून जावं असं मला फार वाटलं. पण गाडी चालू होती, डब्यातून बाहेर पडायला वाट नव्हती आणि नांदेड अजून लांब होतं. मग मी माझी खुर्ची फिरवून घेतली. पलीकडच्या टोकाला करीमभाईनेही आमच्याकडे पाठ केली होती.