दाविदभाऊंचं आमेन

दाविदभाऊंच्या घरी गरम चहा प्यालेला माणूस आमच्या अख्ख्या वलवण गावात सापडला तर मला सांगा, मी त्याला माझ्या पदरची चिक्की देईन. चहा येतो तो वाफाळताच. पण कपाला हात लावला की भाऊ म्हणतात, "थांब. आदी उपकारस्तुती." आणि डोळे मिटतात. झालं! चहावर साय धरेपर्यंत आपण बसायचं.

भाऊ आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. रेल्वेत होते. घाट चढताना गाडीला मागून रेटायला इंजिन लावतात ना, बँकर म्हणतात त्याला, त्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. कर्जतहून गाडी रेटत लोणावळ्याला आणायची, वर आली की सुटायचं आणि मुकाट्यानं खाली जायचं. "गाडीतल्याला कदी कळत न्हाई मागं कोण हाय," भाऊ सांगतात. "देवाचं बी तसंच." कुणाकडे दुखणं असो, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलेलं असो, भाऊ दारात येऊन एवढंच म्हणणार, "मागून रेटणारा हाय ना!" मला त्याचा राग यायचा. माझा गुडघा सुजला तेव्हा मी फाडकन म्हटलं, "मग त्याला म्हणावं जरा जोरात रेट, मला जिना चढवेना!" भाऊ खो खो हसले. "सांगतो की," म्हणाले.

आणि सांगितलं हो! भाऊंची प्रार्थना सुरू व्हायची पुस्तकी भाषेत. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो." दोन वाक्यांत गाडी मावळात उतरायची. "तांदळाबद्दल उपकार. नळाला पानी आलं, उपकार. भिंतीवरची पाल लेकुरवाळी झालीया, तिची पिल्लं सांभाळ. धरणावर बाटल्या फोडणाऱ्या मुंबईकरांना अक्कल दे, पर त्येंच्या पायात काच जाऊ देऊ नको. शोभाचा गुडघा बरा कर, आन् जिभेला जरा लगाम घाल."

शोभा म्हणजे मी. भिंत आमची एका विटेची, सगळं ऐकू येतं. मी इकडून ओरडायची, "भाऊ, जिभेचं राहू द्या, गुडघ्याचं बघा!" तिकडून उत्तर यायचं, "गुडगा झाला सांगून!"

खरं सांगू? प्रार्थना करताना माणूस इतका खुशीत असतो हे मी आधी पाहिलंच नव्हतं. आम्ही देवापुढे उभे राहिलो की काहीतरी मागायचं असतं, म्हणून चेहरा पाडून उभे राहणार. भाऊ मात्र पारावर जुना दोस्त भेटावा तशा गप्पा मारायचे, मध्येच हसायचे.

ह्या गप्पा आवरणारं माणूस एकच, त्यांची बायको, मार्थामावशी. पिठलं निवायला लागलं की मावशी स्वयंपाकघरातून पातेल्यावर पळी आपटून म्हणायची, "आमेन!" वाक्य अर्ध्यावर असलं तरी भाऊ तिथंच थांबणार, "आमेन" म्हणणार आणि भाकरी मोडणार. "देवाला येळ हाय, पिठल्याला न्हाई," असं मावशीचं म्हणणं.

गेल्या नाताळाआधी मावशी गेली. झोपेतच. भाऊ रडले, पण प्रार्थना चुकली नाही. उलट ती लांबतच गेली. मी भांडी घासून, कपडे वाळत घालून यायची, तरी पलीकडे चालूच. तांदूळ, नळ, पाल. पुन्हा तांदूळ, नळ, पाल. संध्याकाळी बघावं तर मी देऊन आलेलं ताट तसंच, वर मुंग्या. भाऊ वाळत चालले. म्हाताऱ्याला भ्रम झाला, असं लोक बोलायला लागले. मला धास्ती बसली, हा माणूस देवाचं नाव घेत घेत उपाशी मरायचा.

एका दुपारी गरम पिठलं-भाकरी घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि समोर ठाण मांडलं. "तुम्ही जेवल्याशिवाय मी हलणार नाही, भाऊ."

भाऊंनी डोळे मिटले. उपकार सुरू झाले. पाल झाली, धरण झालं, माझा गुडघा झाला. मग ते थांबले. मान जराशी स्वयंपाकघराकडे वळली. तिकडे कोण असणार? भाऊ थोडा वेळ तसेच कान देऊन बसले, आणि पुन्हा तांदळापासून सुरू झाले.

आमचं कुलदैवत एकवीरा. आमेन हा शब्द जन्मात माझ्या तोंडून निघाला नव्हता. पण मी उठले, स्वयंपाकघरात गेले, मावशीची पळी घेतली आणि पातेल्यावर आपटून ओरडले, "आमेन!"

मग भाऊंचा बारीक आवाज आला, "आमेन."

येऊन बघते तर डोळ्यांतून धारा, तोंडावर हसू, आणि हातात भाकरी. मीही रडत होते, म्हणून जास्तच चिडले. "अहो, मग स्वतः म्हणायचं ना आमेन! इतके दिवस उपाशी बसलात ते?"

"म्हणाया येतं की, पोरी. देव काय माज्या आमेनवाचून अडत न्हाई." घास हातातच राहिला. "त्येच्यापाशी बसलो ना, की मार्था बी तितंच असती. लय आनंद वाटतो बग. आमेन म्हणलं की उठावं लागतं. आपलं आपण उठवत न्हाई गं."

माझ्या जिभेला लगाम बसला तो त्या दिवशी.

आता रोज दुपारी मी भिंतीच्या इकडून पळी आपटते आणि आमेन म्हणते. तिकडून ताट ओढल्याचा आवाज येतो. भाऊ गरम जेवतात, अंगानंही जरा भरलेत. फक्त कधी कधी प्रार्थना करता करता ते मोठ्यानं हसतात, अगदी मावशी असतानासारखे. तेव्हा मी पळी हातात धरून उभी राहते. निवू दे पिठलं थोडं.