शार्शेनबायचा जवळचा माणूस

शार्शेनबायच्या पोटात काय आहे, हे तालुक्याच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त शार्शेनबायला नव्हतं. डॉक्टरनं नर्सला सांगितलं होतं आणि नर्सनं शेजारच्या खाटेवरच्या तोक्तोसूनच्या सुनांना. त्या शार्शेनबायच्या कुणी लागत नव्हत्या, पण कुणाच्या तरी नातेवाईक होत्या, तेवढं पुरे होतं. आजार आजाऱ्याला सांगायचा नाही, त्याच्या माणसांना सांगायचा, ही इथली रीत. आजाऱ्याला माणसंच नसली तर काय, याचा विचार रीत घालून देणाऱ्यांनी केला नव्हता.

शार्शेनबायची बायको वारली होती आणि मुलगा उलान मॉस्कोत टॅक्सी चालवत होता. तोक्तोसूनच्या खाटेभोवती मात्र सकाळपासून जत्रा. उकडलेलं मटण, कणकेचे तळलेले बोर्सोक, घोडीच्या दुधाचा कुमिस. शार्शेनबायलाही त्यातला वाटा मिळे. मग त्यांच्या घरच्या गप्पा सुरू होत, आणि हा दाराकडे तोंड करून पडून राही.

"डॉक्टर, माझ्या पोटात आहे तरी काय?" तो रोज विचारायचा.

"काही नाही, आजोबा. सगळं ठीक आहे," राजधानी बिश्केकहून आलेला तरुण सर्जन मिर्लान पोट दाबत म्हणायचा. "तुमचं कोणी आलं की पाठवा माझ्याकडे."

"माझं इथं कोणी नाही हो."

"असं कसं? कोणी ना कोणी असतंच माणसाला!"

शेवटी शार्शेनबायनं उलानला फोन लावला. उलान म्हणाला, "डॉक्टर बोललाय माझ्याशी. साधी सूज आहे, आबा. तुम्ही अजिबात चिंता करू नका." जन्मात कधी इतक्या गोडीनं न बोललेला मुलगा इतका गोड बोलला, तेव्हा मात्र शार्शेनबायच्या पाचावर धारण बसली.

त्यानं दाढी केली, लग्नाकार्याचा कोट चढवला, डोक्यावर उंच पांढरा कल्पाक ठेवला आणि भांडायच्याच तयारीनं सर्जनची खोली गाठली.

सर्जन चटकन उठून उभा राहिला आणि वडीलधाऱ्याला मानानं मारतात तशी हाक मारली. "या अक्सकाल, बसा! चहा घ्या. कोणाचे आपण?"

"शार्शेनबायचा," तो गुरकावला.

"आलात एकदाचे! भाऊ का?"

शार्शेनबाय बघतच राहिला. पण यात नवल नव्हतं. डॉक्टर पोट बघायचा, नर्स नस बघायची. तोंडाकडे बघायचं काम नातेवाइकांचं. आणि या दवाखान्यात त्याच्यासाठी कोणी उठून उभं राहिलं, ते आज पहिल्यांदाच.

"त्याला माझ्याहून जवळचं कोणी नाही," तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

सर्जननं दार लावलं. पोटात गाठ होती, वाईट जातीची. काढली तर दोन-चार वर्षं मिळतील; पण हृदय थकलेलं, टेबलावरच काय होईल याचा नेम नाही. नाही काढली तर हा उन्हाळा बरा जाईल, पुढच्या हिवाळ्याचं सांगता येत नाही.

शार्शेनबायनं हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

"त्यांना यातलं काही बोलू नका हं," सर्जन म्हणाला. "जरा भित्रे आहेत. रोज तेच तेच विचारतात."

"भित्रा? तो?"

"तुम्ही घरचे ठरवा आणि आजच सांगा."

"त्याला विचारायला नको?"

"पेशंटला? अहो अक्सकाल, त्यांना कशाला मध्ये घेता? चला, भेटवतो तुम्हाला."

आता आली का पंचाईत! वॉर्डात खाट रिकामी. तोक्तोसूननं कल्पाकाकडे बघून तोंड उघडलं, शार्शेनबायनं डोळे वटारले, तेव्हा त्यानं उघड्या तोंडात बोर्सोक टाकला.

"आत्ता होता की इथंच," तो चावत म्हणाला.

धावाधाव झाली. संडास पाहिले, अंगण पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून शार्शेनबायही खाटेखाली वाकून बघून आला.

नर्स कानिमेत धापा टाकत आली ती त्याच्यावरच बरसली. "आज उगवलात होय? इतके दिवस कुठं होता? सारखं दाराकडे तोंड त्यांचं. सुई टोचली तरी वळत नाहीत. मला अजून त्यांचा चेहरा धड दिसलेला नाही! तुमचीच वाट बघत असतात ना?"

शार्शेनबायला या भावाचा खरोखर संताप आला. आपलं माणूस असं टाकतात का कोणी?

"मी शोधतो त्याला," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पॉपलरच्या झाडाखालच्या बाकावर बसला. भीती वाटत होती. ती वाटून झाली. मग त्यानं स्वतःला विचारलं, कारण विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

तो परत आला. "सापडला. नको म्हणतोय ऑपरेशन."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?" सर्जन हादरला. "रडले?"

"थोडासा. मग म्हणाला, घोडी व्यायला आलीय, घरी जायला हवं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोट तुझं."

सर्जननं केसपेपर पुढं ओढला. "घरी त्यांचं बघणार कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"नशीबवान आहेत," सर्जन म्हणाला. "सगळ्यांना नाही मिळत असा भाऊ."

फाटकाबाहेर पडतो तोच उलानचा फोन. "आबा! डॉक्टर म्हणतो, काकांनी तुम्हाला घरी न्यायचं ठरवलं. हे काका कोण? तुम्हाला भाऊ कुठाय?"

"आजच भेटला."

"आणि त्यानं परस्पर ठरवून टाकलं?"

"परस्पर नाही. त्यानं आधी मला विचारलं."

पलीकडचे मॉस्कोतले हॉर्न मागं पडले; उलाननं टॅक्सी कडेला घेतली असावी. मग उलानचा आवाज अगदी लहान झाला. "आबा, मी येऊ का?"

"ये" हा शब्द शार्शेनबायच्या ओठांवर आला होता. पण दुसऱ्याच्या जिवाचं परस्पर ठरवणाऱ्यांमधून तो नुकताच बाहेर पडला होता.

"ते तुझं तू ठरव, बाळा," तो म्हणाला.

फोन बंद झाला तरी तो बराच वेळ कानाला लावून उभा होता.