चाळीस रुपयांवर पाच टक्के

भीमाप्पा कांबळे गुरुजींना निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्या शाळेत मिळून चाळीस रुपये जमले. एकोणीसशे ब्याऐंशीचा एप्रिल होता. वडगावच्या त्या शाळेत गुरुजींनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. चाळीसाला चौतीसनं भागलं तर वर्षाला काय पडतं, हे त्यांनी मनातल्या मनात काढून पाहिलं. एक रुपया सतरा पैसे, वर थोडी बाकी. त्यांनी पुन्हा भागून पाहिलं. तेवढेच आले.

चाळीस रुपयांत सगळा स्टाफ जेवणं शक्य नव्हतं. म्हणून गुरुजी, त्यांच्या पत्नी सोनुबाई, हेडमास्तर मारुतीराव आणि कानडी शिकवणारे यल्लाप्पा सर असे चौघंच बेळगावच्या बाजारातल्या एका हॉटेलात गेले. मारुतीरावांनी भाषण पाठ करून आणलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपले लाडके दिवंगत..." यल्लाप्पा सरांनी त्यांचा सदरा ओढला. मारुतीराव "निवृत्त, निवृत्त" म्हणत खाली बसले. पुढं सगळ्यांनी मान खाली घालून जेवण उरकलं.

मिशीवाला वेटर मात्र न सांगता दोनदा भात वाढून गेला. शेवटी त्यानं श्रीखंडाच्या चार वाट्या आणून ठेवल्या. ताटातलंच असेल म्हणून चौघांनी त्या चाटूनपुसून संपवल्या. मग बिल आलं. चार ताटं, आठ रुपयांप्रमाणे बत्तीस.

"आठ वाचले!" मारुतीरावांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "वेटरला एक रुपया टाकू."

"टीप दहा टक्के द्यायची असते," गुरुजी म्हणाले. "बत्तीसचे तीन रुपये वीस पैसे."

"ते पुस्तकातल्या गणितात, गुरुजी."

"टॅक्स धरून दहा टक्के, की सोडून?" यल्लाप्पा सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"सोडून. टॅक्स सरकारचा. सरकारनं आपल्याला वाढलंय व्हय? आणा बघू बिल." गुरुजींनी चष्मा लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "टॅक्स कुठाय?"

भिंतीवरच्या पाटीवर 'टॅक्स पाच टक्के वेगळा' असं ठळक लिहिलेलं होतं. वेटर लगबगीनं जवळ आला. "ऱ्हाऊ द्या की, गुरुजी. बरोबर हाय ते."

"बरोबर कसं? बत्तीसवर पाच टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. एवढंही येत न्हाय? कुणी शिकवलं रं तुला?"

वेटर खाली बघत म्हणाला, "तुम्हीच."

गुरुजींनी चष्मा सारखा करून त्याच्याकडं पाहिलं. पण त्यांचा आवाज गल्ल्यापर्यंत कधीच पोचला होता. मालक उठून आले. त्यांनी बिल पाहिलं, मग टेबलावरच्या चार रिकाम्या वाट्या पाहिल्या.

"आणि हे श्रीखंड? दोन रुपयं वाटी. ज्योतिबा, हे कुठं लिवलंस?"

"मालक, आठ श्रीखंडाचं आणि दोन टॅक्सचं. धा रुपयं माझ्या पगारात कापा म्हणून सांगणारच होतो. सातवीला गुरुजी होतं मला. आज त्यांचं शेवटचं..."

"सांगणार होतास! हे मास्तर बोललं नसतं तर सांगितलं असतंस?"

गुरुजी घाईघाईनं उठले. हा पोरगा खोटं बोलणारा नाही, असं ते सांगू लागले. पण मघाशी त्यांना त्याचा चेहरासुद्धा ओळखता आला नव्हता, त्यामुळं त्या साक्षीला काही वजन आलं नाही.

"चाळीस, वर टॅक्स दोन. बेचाळीस टाका," मालक म्हणाले. "आणि ज्योतिबा, तुझा हिशेब घे आणि चालू लाग. दंड कापून देतो."

मारुतीरावांनी चाळीस रुपये काढून ठेवले आणि ते छताकडं बघू लागले. यल्लाप्पा सरांनी दोन्ही खिसे चाचपले. त्यांत खडू निघाला. शेवटी सोनुबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि दोन रुपये टेबलावर ठेवले. ते बसचे आणि भाजीचे होते. टिपेचा विषय कुणी काढला नाही.

हेडमास्तर आणि यल्लाप्पा सर गुरुजींना नमस्कार करून आपापल्या वाटेनं गेले. भर दुपारी गुरुजी आणि सोनुबाई वडगावची वाट चालू लागले.

"तुमास्नी एक दीस गप ऱ्हायला काय झालतं?" सोनुबाई म्हणाल्या.

एका पोराच्या पोटावर आपण पाय दिला, तोही त्यानं वाढलेलं श्रीखंड खाऊन, हे गुरुजींच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मागून सायकलची घंटी वाजली. ज्योतिबा खाली उतरला. "आक्का, कॅरेजवर बसा. म्या ढकलत नेतो. मीबी तिकडंच ऱ्हातो."

सोनुबाई बसल्या. गुरुजी सायकलीच्या बाजूनं चालू लागले. मग गुरुजींनी अवघडून विचारलं, "बाळ, दंड किती कापला?"

"तेच इचारायचं होतं, गुरुजी. धा दिवसांचं ऐंशी रुपयं होत होतं. त्यातलं धा टक्के दंड कापतो म्हणालं. म्हंजे आठ. बहात्तर यायला पायजेत न्हवं?"

"बरोबर. बहात्तर." गुरुजींनी मान डोलावली. पोराला सगळं येत होतं.

"मालक लई तापलं होतं. रागाच्या भरात त्यांनी आठ वजा करायच्या जागी मिळवलं. अठ्ठ्याऐंशी दिलं." ज्योतिबानं खिसा चाचपला. "सोळा जास्त आलं. माघारी जाऊन सांगू व्हय?"

गुरुजी रस्त्यात थांबले. सोनुबाईंनी कॅरेजवरून मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, आणि ज्योतिबानं सायकल धरून ठेवली. चौतीस वर्षांत अशा प्रश्नाला गुरुजींना इतका वेळ कधीच लागला नव्हता.

"माघारी कशाला?" ते शेवटी म्हणाले. "तुझ्याच मोजण्यात चूक झाली असंल."

"न्हाय गुरुजी, तीनदा मोजलं. हे बघा, परत मोजतो."

"मोजू नगंस," गुरुजी म्हणाले आणि चालू लागले.