माया न सोडलेली टोपी

जो माणूस अख्खा डोंगर सपाट कागदावर उतरवतो, त्याला सपाट कापडाची गोल टोपी करायला काय अवघड, असं नकाशे काढणाऱ्या त्या गृहस्थांच्या मनात आलं, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

कारण तसं चांगलं होतं. बायको लांबलेल्या आजारातून नुकतीच उठली होती. औषधं चालू असेपर्यंत चेहऱ्यावर ऊन पडू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर तळ्याकाठी पक्षी बघायला जायची. यंदा दुर्बीण कपाटात गेली. बाजारातल्या टोप्यांची सावली तिच्या नाकाच्या शेंड्यापर्यंतही पोचेना. ती खिडकीशी उभी राहून कावळे बघायला लागली. ते यांना बघवेना.

ती दुपारी झोपली असताना यांनी हळूच तिच्या डोक्याभोवती टेप गुंडाळला. तिनं डोळे उघडले.

"काय चाललंय?"

"परीघ."

"किती भरला?"

"सत्तावन्न."

"बरं," म्हणून ती कुशीवर वळली. (लग्नाला वीस वर्षं झाली की माणूस जास्त खोलात जात नाही.)

यांनी कागदावर टोपीच्या सहा कळ्या, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या, आखल्या, सहाही मिळून बरोबर सत्तावन्न सेंटिमीटर. रविवारी ऊन उतरल्यावर बायको भाजीला गेली, तेव्हा सासूबाईंच्या मशीनवर बसले आणि तासाभरात टोपी शिवून काठही जोडला. मग विजयी मुद्रेनं उठायला गेले, तर उठता येईना. काठाबरोबर स्वतःचा सदराही शिवला गेला होता. टोपी तर एखाद्या तान्ह्या बाळाला जेमतेम झाली असती.

मशीन थांबल्याचं ऐकून सासूबाई भिंत चाचपत आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढल्या महिन्यात. त्यांनी टोपीवरून बोटं फिरवली.

"जावईबापू, माया कुठंय?"

"आहे ना," हे कळवळून म्हणाले. "माया आहे म्हणून तर शिवायला बसलो."

"कापडात हो. शिलाईत दडायला कडेला जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बारा कडा, बारा सेंटिमीटर गेले."

यांचा गणिताचा माज तिथंच उतरला. सासूबाईंनी आधी जावयाला टोपीपासून सोडवलं. मग जिभेच्या टोकावर सुई धरून दोरा ओवला. उरलेल्या कापडातून दोन कळ्या कापल्या, त्याही वितीनं मापून. काठाचं भोक वाढवलं. कापड त्यांच्या बोटांखालून सरकत गेलं आणि बघता बघता त्याला पोट आलं, डोकं आलं, चांगली हातभर सावली आली. आयुष्यभर उंचवटे चपटे करत आलेला तो माणूस आ वासून बघत राहिला. कापड फुलताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. बायको पिशवी घेऊन दारात कधीची उभी होती, तेही त्याला कळलं नाही.

पुढच्या रविवारी दुर्बीण बाहेर निघाली. तळ्याकाठी सगळ्या मैत्रिणी टोपीभोवती जमल्या. बायको मोठ्या मनानं म्हणाली, "कल्पना यांची." मग काय, हे भर उन्हात दोन तास टोपी कशी शिवावी यावर बोलत राहिले. पक्षी केव्हाच उडून गेले. बायको मात्र त्या सावलीत हसत होती, आणि तिच्याकडे बघताना यांना आपल्या टकलाची आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी ते टक्कल लालबुंद होऊन चुरचुरायला लागलं. सासूबाईंनी त्यावर साय थापली, आणि थापता थापता बोटांनी घेरही मापून घेतला.

"तुम्हालाही एक शिवते. एरवी हवा खेळायला टोपीत थोडी जागा ठेवावी लागते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे ती आतच आहे."