पावण्याला रिफंड नसतो

विजयसिंहानं खोलीची खिडकी उघडली आणि तशीच परत लावली. पण तेवढ्यात जे आत यायचं ते आत आलं होतं.

"तळं दिसणार हुतं न्हवं?" संयोगितानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती शिंकली. मग तो शिंकला. मग दोघं आळीपाळीनं शिंकत राहिली.

मोबाइलवरच्या फोटोत या खिडकीतून रंकाळा तलाव दिसत होता. प्रत्यक्षात खिडकीखाली डंक दिसत होता. मिरची कांडायची लोखंडी मुसळं धडाधड वरखाली होत होती, आणि एप्रिल महिना म्हणजे अख्ख्या कोल्हापूरची वर्षाची चटणी करायची वेळ. डंकाच्या दारात डबे घेऊन बायकांची रांग लागली होती. तांबडी धूळ भिंतीवरून वर चढत होती आणि हॉटेल रत्नगंधच्या दुसऱ्या मजल्यावर मुक्कामाला येत होती. पलंगावरच्या पांढऱ्या चादरीला गुलाबी झाक होती. ती डिझाइनची नव्हती.

आता कोणी म्हणेल, एका रात्रीचा तर प्रश्न, घ्यायचं सांभाळून. पण प्रश्न त्या एका रात्रीचाच होता. विजयसिंह वारणानगरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. कोल्हापुरात त्याचे नातेवाईक इतके, की गल्ली चुकली तरी माणूस कुठल्यातरी आत्याच्याच दारात निघायचा. त्यामुळं दवाखाना असो, कोर्ट असो, नाहीतर नुसती साडीखरेदी, मुक्काम कुणाच्यातरी घरी ठरलेला. घरात पाऊल टाकलं की पुरुष मंडळी पंख्याखाली बसायची आणि संयोगिता पदर खोचून आत जायची. "वैनी, तुमच्या हातच्या भाकरीला तोड न्हाई," हे कौतुक तिनं शहरातल्या बहुतेक सगळ्या स्वयंपाकघरांतून ऐकलं होतं. यंदा लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं लाडात येऊन विचारलं, "काय पाहिजे सांग. सोन्याचं बोललीस तरी चालंल."

"मला एक रात्र पाहिजे," ती म्हणाली. "कोल्हापुरातच पाहिजे, पण वळखीचं कोण नको. कुणाच्या पाया पडणार न्हाई, कुणाच्या चुलीपुढं बसणार न्हाई. सकाळचा चहा मला पलंगावर पाहिजे आणि तो दुसऱ्या कुणीतरी केलेला पाहिजे."

सोनं स्वस्त पडलं असतं, असं विजयसिंहाला नंतर वाटलं. पण त्या वेळी त्यानं जोशात मोबाइलवर खोली ठरवली आणि सगळे पैसे आधीच भरून टाकले.

"खाली जावा आणि पैसे परत घेऊन या," डोळे पुसत संयोगिता म्हणाली. "दुसरं हाटेल बघू. आणि हे बघा, गाव सांगू नका."

"गाव कशाला सांगतोय मी?"

"तुमी सांगतासा. हितल्या लोकास्नी इचारल्याबिगर ऱ्हावत न्हाई आणि तुमास्नी सांगितल्याबिगर."

विजयसिंह खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. काउंटरवर केरबा मॅनेजर होता. मिश्या पिकलेला, मनानं हळवा माणूस. त्यानं रडणारं गिऱ्हाईक बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"आवो पावणं! काय झालं? घरातलं कोण गेलं का?"

"न्हाई, न्हाई. खोली..." विजयसिंहाला पुढं बोलवेना. नाक चोंदलं होतं आणि आवाज अगदी हुंदक्यासारखा निघत होता.

"बसा. आदी बसा. मन घट्ट करा." केरबानं खुर्ची ओढली, पाणी दिलं, चहा सांगितला. कोपऱ्यात लग्नाच्या वऱ्हाडातली चार माणसं मोबाइलवर गाणी लावून बसली होती. त्यांनी गाणी बंद केली. त्यातला एक म्हातारा उठून जवळ आला आणि विजयसिंहाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाणारं मानूस जातंय बाबा. आपुन सोसायचं."

कुणीच गेलेलं नाही, ही मिरची आहे, हे पटवून द्यायला चहा अर्धा संपावा लागला. म्हातारा जरा नाराज होऊनच जागेवर गेला.

"मिरची व्हय!" केरबा मोकळा झाला. "मग तसं सांगा की. चटणीचा सिझन हाय, त्याला कोण काय करणार? आमास्नी तर कळतबी न्हाई बघा आता."

"मग दुसरी खोली द्या."

"वऱ्हाडानं फुल्ल हाय समदं."

"मग पैसे परत द्या."

"ते मालकांच्या हातात," केरबा म्हणाला आणि त्यानं मालकांना फोन लावला.

हंबीरराव मालक आले. त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जायचं. तक्रार काय, खोली कुठली, यातलं काहीही न विचारता ते विजयसिंहाच्या समोर ऐसपैस बसले.

"नमस्कार पावणं. गाव कंचं?"

"पुणं," विजयसिंह म्हणाला.

"पुण्यात जलमलासा?"

"न्हाई... म्हंजे वारणानगर."

"ती कारखान्याची कॉलनी. तितं मूळचं कोणच नसतंय. त्याच्या आदी?"

विजयसिंहानं जिन्याकडं बघितलं. जिना रिकामा होता. "राधानगरीकडं," तो हळूच म्हणाला.

"राधानगरीकडं कुठं?"

आणि विजयसिंहानं गावाचं नाव सांगून टाकलं.

"आयला!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "आवो, आमच्या थोरल्या आक्काचं सासर!"

इथंसुद्धा गप्प बसता आलं असतं. अच्छा म्हणायचं, मान हलवायची आणि पैशाचा विषय काढायचा. पण ओळखीचं नातं समोर लोंबकळत असताना ते ओढून न बघणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय. विजयसिंहाचा चेहरा उजळला.

"म्हंजे वढ्याकाठच्या घरातली? तात्यांची सून? आवो, मग ती आमची भाऊकीच की! त्यांचं रान आमच्या रानाला लागून हाय!"

बोलून झाल्यावर त्याला बायको आठवली. पण तोवर हंबीररावांनी त्याला उठवून मिठी मारली होती.

"पावणं, पावणं! आणि लॉजवर उतरलासा? आक्काला कळलं तर जोड्यानं मारंल मला. केरबा, ह्यांच्या ब्यागा गाडीत टाक. घरी फोन कर, दोन किलो मटण वाढीव सांग."

संयोगिता खाली आली ती नेमकी मिठीच्या वेळी. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडं बघितलं. काय झालं असेल ते तिला विचारावं लागलं नाही.

"भाऊ, आमास्नी ती खोली नको. आमचं पैसे तेवढं परत द्या," ती सरळ म्हणाली.

हंबीररावांना वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. "वैनी, पैशाचं काय काढलासा? पावण्याकडनं आमी पैसे घेतच न्हाई. घेतच न्हाई म्हटल्यावर परत काय देऊ?"

"घेतलासा की. मोबाइलवर."

"तवा तुमी पावणं नव्हतासा."

"मग तवाचं परत द्या."

"आता तुमी पावणं हाईसा."

संयोगिता हा हिशोब बोटांवर मांडून बघायला लागली. तेवढ्यात हंबीरराव प्रेमानं म्हणाले, "चला घरी. आमच्या हिचं गुडघं धरल्यात, सकाळपासनं म्हणत हुती, भाकरीला हाताखाली कोण असतं तर बरं झालं असतं. अंबाबाईनंच धाडलं बघा तुमास्नी."

ब्यागा मालकांच्या गाडीत पोचल्या होत्या. वऱ्हाडातला म्हातारा आता नातं जुळलं म्हणून खूश होऊन बघत होता. विजयसिंह काहीतरी बोलेल अशी आशा संयोगितानं सोडली, पदर नीट केला आणि ती खुर्चीवर बसली.

"येतो की घरी," ती म्हणाली. "पण भाऊ, एक आदीच सांगतो. मागनं तुमास्नी दुसऱ्याकडनं कळाय नको. तुमच्या आक्काच्या दिरानं आमची पाणंद नांगरलीया."

वऱ्हाडातला म्हातारा पुढं सरकून बसला. नुसता डंकाचा धडधड आवाज येत राहिला. पाणंद म्हणजे रानात जायची गाडीवाट. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या ज्या वाटेनं गेल्या, ती वाट नांगरून आपल्या वावरात घ्यायची, हा प्रकार आमच्याकडं घराणं ओळखायला पुरतो. तिथून पुढं लग्नाच्या पत्रिका बंद होतात, मयताला माणसं जातात पण चहा घेत नाहीत.

"कवा?" विजयसिंहानं विचारलं.

"आक्काच्या घरातली मानसं असलं करायची न्हाईत," हंबीरराव म्हणाले. पण आवाज उतरला होता. "थांबा. आत्ताच्या आत्ता इचारतो." त्यांनी फोन काढला, स्पीकर सुरू केला आणि टेबलावर ठेवला.

संयोगितानं छताच्या पंख्याकडं बघायला सुरुवात केली. खोटं पकडलं जाणार, वर आयुष्यभर नाव निघणार, आणि एवढं होऊन भाकरी चुकणार नाहीतच, हे तिला दिसत होतं. तिला भीती वाटली.

"आक्का," हंबीरराव म्हणाले, "तुमच्या गावचं पावणं बसल्यात माझ्यात. विजयसिंह म्हणून, वारणानगरला असत्यात. तुझ्या दिरानं पाणंद नांगरली म्हंत्यात."

पलीकडून आक्का आली.

"नांगरली तर नांगरली! त्यांच्या त्या कृष्णातनं आदी आमचा बांध कोरला, ते न्हाई सांगितलं व्हय त्यांनी? वीतभर बांध ऱ्हायला न्हाई, शेरडू चालायचं न्हाई त्यावरनं! आणि तुझ्यात येऊन बसल्यात? पाणी दिलंस का त्यास्नी?"

"दिलं की, आक्का."

"कशाला दिलंस?" आक्कानं विचारलं आणि फोन ठेवला.

हंबीरराव उठले. त्यांनी विजयसिंहाकडं बघायचं बंद केलं होतं. "केरबा, ह्यांचं पैसे दे. समदं दे. तो मोबाइलवाला मधल्यामधी कापून घेतोय, ते बी घाल वरनं. भाऊकीच्या भांडणातला एक पैसा माझ्या गल्ल्यात नको."

"मालक, चहाचं..." केरबा म्हणाला.

"तो बी सोड."

केरबानं पैसे आणून ठेवले आणि विजयसिंहाच्या पुढ्यातला उरलेला चहा उचलून नेला. ब्यागा गाडीतून परत आल्या, पण आत नाही, फुटपाथवर.

रस्त्यावर आल्यावर संयोगिताला हसू आवरेना. डोळ्यांत अजून मिरची होती, त्यामुळं ती हसत होती आणि रडतही होती. "चला," ती म्हणाली. "ताराबाई पार्कात बरी हाटेलं हाईत. आणि ह्या वक्ताला मी काउंटरवर जातो."

विजयसिंह हलला नाही.

"पाणंद खरंच नांगरली?" त्यानं विचारलं.

"मला काय ठावं? मी कवा तुमच्या रानात गेलतो?"

"मग सांगितलंस कसं?"

"आवो, रानाला रान लागून हाय असं तुमीच म्हणालासा, वरपतोर ऐकू येत हुतं. म्हटलं मग काय तरी असणारच."

"पण आक्का म्हणाली नांगरली!"

"व्हय," संयोगिता म्हणाली. "ते मलाबी नवीन."

विजयसिंहानं कृष्णातला फोन लावला. कृष्णात त्याचा चुलतभाऊ, रान तोच बघायचा. कृष्णातनं फोन उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. "उचलत न्हाई म्हंजे हाय बघ काय तरी," विजयसिंह म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. "माझी पाणंद नांगरली आणि मला पत्त्या न्हाई! आणि ह्यानं बांध कोरला तो कुणाला इचारून? चल, गाडीत बस. उजेड हाय तवर पोचू."

"उद्या जावा की. पाणंद काय पळून जाती?"

"तीच तर पळवलीया! ऊठसूट नांगर घालत्यात म्हंजे काय! अगं, हाटेल काय, पुढच्या वर्षी येऊ. निवांत येऊ. आज राती कृष्णातच्यात टेकू."

संयोगिताला राग आला. एवढं सगळं करून, एवढं खोटं बोलून, शेवटी कृष्णातच्यात! ती तोंड उघडणार होती. विजयसिंह गाडीला किल्ली लावून उसाच्या रानाबद्दल स्वतःशीच तावातावानं बोलत होता. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि तिचा राग गेला. वळखीचं कोण नको, असं तिनं मागितलं होतं. त्या यादीत ह्याला धरायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिनं आपली ब्याग उचलली. खिडकीतून हात घालून त्याच्या शर्टाच्या खिशातले परत मिळालेले पैसे काढून घेतले.

"जावा तुमी," ती म्हणाली. "गाडी सावकाश हाना. भांडताना हातापायीवर येऊ नका."

"आणि तू?"

"मला उद्या न्यायला या. दुपारचं या. लौकर नको."

विजयसिंहाला हे नीट कळायला वेळ लागला असता, पण तेवढ्यात कृष्णातचा फोन आला आणि तो ओरडतच निघून गेला.

ताराबाई पार्कातल्या हॉटेलात काउंटरवर एक पोरगी होती. तिनं संगणकावरून मान वर न करता विचारलं, "किती जण, मॅडम?"

"एक."

"सोबत कोणी येणारंय का मागून?"

"कोण न्हाई," संयोगिता म्हणाली. मग ऐकायला बरं वाटलं म्हणून तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.