पगारेकाकांचा चेलो

आमच्या मजल्यावर दार वाजलं की आम्ही लगेच उठत नाही. समोरचे पगारेकाका असले तर त्यांना आत यायचं नसतं. ते दार ऐकत असतात. पहिल्यांदा मी धावत जाऊन उघडलं, तर माझ्यावरच डाफरले, "मध्ये कशाला आलास?" मग दाराला कान लावून निकाल दिला, "ठप्प आहे. बिल्डरने फसवलं तुला."

काका सातपूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडात हुबेहूब वस्तू करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांकडे आणि शेअरबाजाराकडे लक्ष देतात. काकांनी चेलो करायला घेतला. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं भलंथोरलं व्हायोलिन.

"काका, वाजवता येतं का तुम्हाला?"

"पंपाचे पॅटर्न केले जन्मभर. पंप कुठे चालवता येत होता?"

नकाशासाठी त्यांनी इंटरनेट पालथं घातलं. सापडला तो वीतभर. आपल्या जुन्या पट्टीने त्यांनी तो पूर्ण मापात काढला आणि फ्लेक्सवाल्याकडे छापायला नेला.

"वाढदिवस कोणाचा, काका? फोटो कुठं टाकू?" फ्लेक्सवाल्याने विचारलं.

"फोटो नको. रेघ हलली तर याद राख."

फ्लेक्स हॉलमध्ये लागला आणि टीव्ही त्याच्यामागे कायमचा गेला.

मी सहज फ्लेक्सवर टेप लावून बघितला, तर लिहिलेल्या मापांपेक्षा चेलो सगळीकडून वाढलेला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे मिलिमीटरच जरा मोठे असतात. शिवाय काकांनी सवयीने ओतल्यानंतरच्या घासाईलाही जागा सोडलेली.

"काका, हा चेलो ओतायचाय का?"

काका कपाळाला हात लावून बसले. मला वाटलं, संपलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी साधी पट्टी घेऊन पहिल्यापासून सुरू! "होणार म्हणजे होणार," एवढंच म्हणाले.

मग लाकूड. चेलोच्या पुढच्या फळीला स्प्रूस हे थंड मुलखातलं लाकूड लागतं. परदेशी मशिनं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या द्वारका चौकाजवळच्या एका वखारीत मिळतात. काका फळी दोन बोटांत लटकवायचे, टिचकी मारायचे, कान लावायचे. "गाठ आहे." "ठप्प." वखारवाले शेखचाचा वैतागायचे, "पगारेभाऊ, लाकूड घेताय का सून पसंत करताय?"

परवा मीही बरोबर गेलो, तेव्हा एक फळी निघाली, सरळ रेषांची, बिनगाठीची. टिचकी मारली आणि ती खोल, भरदार घुमली. काकांनी परत मारली. परत. पण हो म्हणेनात.

"चांगली आहे की, काका."

"हिचा आवाज असा होता," काका म्हणाले.

मी इथे राहायला येण्याआधीच काकू गेल्या. "विहारात वंदना म्हणायची. मागच्या बाया हसल्या, पुरुषासारखा आवाज म्हणून. तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडलं नाही. मीही त्या बायांना काही बोललो नाही."

त्यांनी मोबाईल काढला. आमच्या इथल्या गंगेच्या घाटावरचा व्हिडिओ. काकू हसत होत्या, हात हलवत होत्या. मागून काकांचाच आवाज, "बोल ना काहीतरी!" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

"हिचे सगळे व्हिडिओ असेच आहेत," काका म्हणाले.

त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

"चाचा, ही बांधा," काका म्हणाले.

चाचा सुतळी आणायला उठले. ते येईपर्यंत काकांनी फळी खाली ठेवली नाही.